वॉर्डातली वडीलकी

आपल्याकडे कोणी दुखणेकरी बरा होऊन रुग्णालयातून घरी आला म्हणजे समाचाराला येणारी मंडळी दोन प्रश्न हटकून विचारतात. डॉक्टर कोण होते, हा पहिला. आणि खर्च किती आला, हा दुसरा. रात्री अडीच वाजता सलाईनची बाटली संपत आली आहे हे जिने पाहिले, अंग पुसले, कूस बदलून दिली आणि ताप उतरला तेव्हा आमच्या आधी जिला कळले, त्या परिचारिकेचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. मग त्या परिचारिकेच्या वर आणखी एक बाई होती, आणि तो सारा वॉर्ड तिच्या शब्दावर चालला होता, याची गंधवार्ता तरी कोणास कोठून असणार?

प्रस्तुत लेखात आम्हांस या वरच्या बाईविषयी लिहावयाचे आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांनी या विषयाला मोठे भारदस्त नाव दिले आहे: परिचर्या-व्यवस्थापिकेच्या नेतृत्वगुणांचा परिचारिकांच्या कार्यसमाधानावर होणारा परिणाम. एवढ्या नावानेच निम्मे वाचक पान उलटतील अशी आम्हांस भीती वाटते. परंतु साध्या मराठीत प्रश्न इतकाच आहे की, हाताखालच्या परिचारिकेस आपले काम गोड वाटावे की कडू, हे तिच्या वरच्या बाईच्या हाती कितपत असते? आमचे मत असे आहे की ते पुष्कळच असते. आणि ज्या गुणामुळे ते असते तो गुण म्हणजे, वॉर्डात जी भीती सदोदित भरलेली असते तिचा मोठा वाटा स्वतःच्या शिरावर घेण्याची त्या बाईची तयारी, हा होय. हे मत आम्ही कशावरून बनविले ते आता क्रमाने सांगतो.

प्रथम नावांविषयी दोन शब्द. महाराष्ट्राच्या सरकारी कागदपत्रांत स्टाफ नर्सला अधिपरिचारिका, वॉर्डाच्या मुख्य सिस्टरला परिसेविका आणि मेट्रनला अधिसेविका म्हणतात. शब्द घडविणाऱ्यांचे संस्कृत चांगले होते यात संशय नाही. पण प्रत्यक्ष वॉर्डात हे शब्द कोणाच्या तोंडी आम्ही ऐकले नाहीत. तेथे रोगी प्रत्येक परिचारिकेला सिस्टर म्हणतो, झाडलोट करणाऱ्या बाईला मावशी म्हणतो, आणि औषधांची ढकलगाडी ओढणाऱ्याला मामा म्हणतो. मावशी, मामा, बहीण, असा सारा गोतावळाच तेथे जमलेला असतो. या गोतावळ्यात एकटी परिसेविकाच अशी की जिला नाते मिळालेले नाही. परिचारिका आपसांत बोलताना तिला नुसते 'इनचार्ज' म्हणतात. लोकांच्या बोलीने तिला अधिकार दिला आणि नाते मात्र दिले नाही, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

तिचा अधिकार लहान दिसतो, पण तो परिचारिकेच्या आयुष्याला पदोपदी शिवतो. या महिन्यात रात्रपाळी कोणाची, दिवाळीत सुटी कोणाला, सर्वांत जड रोगी कोणाच्या वाट्याला, वही कोणी भरायची, चूक झाली तर वर कोणाचे नाव कळवायचे, हे सर्व तीच ठरविते. अधिसेविका दूर आपल्या कचेरीत असते. डॉक्टर येऊन जातात. पगार ठरविणारे तर कधी दृष्टीसही पडत नाहीत. रोजचे ऊनपाऊस काय ते इनचार्जचेच. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. घराचा कर्ता पुरुष कितीही उदार असला तरी नव्या सुनेचे सुखदुःख स्वयंपाकघरात जिची सत्ता चालते तिच्यावरच अवलंबून असे.

ही उपमा आम्ही केवळ शोभेसाठी दिलेली नाही. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन स्थापन झाले आणि पुढे त्या संस्थेने तरुण विधवांस व गरजू स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. त्या काळी परक्या पुरुषाच्या अंगास हात लावण्याचे काम घरंदाज बाईने करावे ही कल्पनाच पांढरपेशा समाजास असह्य होती. तो रोष सोसून ज्या बायका या धंद्यात शिरल्या त्यांचे आपल्या समाजावर मोठे ऋण आहे. पण घरातल्या वडीलकीच्या जाचातून सुटून जी स्त्री वॉर्डात आली तिला तेथेही एक वडीलकी भेटली. आणि ती वडीलकी कशी गाजवावी याचा कित्ता घरच्या सासूखेरीज दुसरा कोणाजवळ होता? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही म्हण वॉर्डातही खरी ठरते. 'आम्ही नाही का सोसले?' हे वाक्य ज्या थोरलीच्या तोंडून निघते, तिने आपल्या काळी सोसलेले दुःख धाकटीच्या पदरात व्याजासह टाकलेले असते. आम्ही महाविद्यालयात तीस वर्षे काढली आहेत. हे वाक्य अध्यापकांच्या खोलीतही आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे.

आमच्या मनात या विषयाने घर केले त्याला कारण घरचेच घडले. काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू एका मोठ्या रुग्णालयात सतरा दिवस होते; पैकी पहिले नऊ दिवस एका मजल्यावर आणि पुढचे आठ दिवस दुसऱ्या. इमारत एक, पगाराची श्रेणी एक, खाटांची व परिचारिकांची संख्या जवळजवळ सारखी. रात्री सोबतीला आम्हीच बसत असल्यामुळे दोन्ही वॉर्ड न्याहाळण्यास भरपूर सवड मिळाली.

पहिल्या वॉर्डात टापटीप दृष्ट लागण्यासारखी होती. चादरीला सुरकुती नाही, वहीला डाग नाही. इनचार्ज बाई कर्तबगार खऱ्या. पण त्या आल्या की मुलींचे चेहरे परीक्षेच्या हॉलातल्यासारखे होत. चूक सापडली की रोग्यासमोरच झाडणी होई. बंधूंना स्वभावतः जिज्ञासा फार. त्यांनी एकदा 'ही गुलाबी गोळी कशाची?' असे विचारले. मुलगी म्हणाली, 'डॉक्टरांना विचारा.' दुसरे दिवशी दुसरीस विचारले; उत्तर तेच. चार दिवसांत चौघींनी हेच उत्तर दिले. त्यांना ठाऊक नव्हते असे आम्हांस वाटत नाही. ठाऊक असलेले बोलून दाखविण्यात धोका आहे, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक झालेले होते. जिन्यात उभ्या असलेल्या दोघींच्या बोलण्यावरून कळले की, एकीने राजीनामा दिला आहे आणि दुसरी देण्याच्या विचारात आहे.

दुसऱ्या वॉर्डात भिंतींचा रंग उडालेला होता. तेथील इनचार्ज बाई निवृत्तीच्या घरात आलेल्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी अधू अशा होत्या. एका संध्याकाळी शेजारच्या खाटेवरील रोग्याचा मुलगा इंजेक्शनला उशीर झाला म्हणून एका कोवळ्या पोरीवर तारस्वरात ओरडू लागला. या बाई लंगडत आल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. 'काय बोलायचं ते मला बोला,' त्या म्हणाल्या, 'वॉर्ड माझा आहे.' गृहस्थ थोडा वेळ बोलले आणि मग शांत झाले. नंतर बाईंनी त्या मुलीला आतल्या खोलीत नेले. उशीर खरोखरच झाला होता, आणि त्याबद्दल तिला चार खडे बोल ऐकावे लागले असावेत, कारण बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. परंतु दहा मिनिटांनी ती त्याच खाटेपाशी, त्याच रोग्याची उशी सारखी करीत होती. बंधूंनी आपला गोळीचा प्रश्न येथेही विचारला. एकीने सांगितले, दुसरी म्हणाली, 'नक्की माहीत नाही, विचारून सांगते,' आणि अर्ध्या तासाने येऊन तिने खरेच सांगितले. याच मुलीला दुसरीकडून अधिक पगाराचे बोलावणे आले होते असे पुढे बोलण्यात निघाले. का गेली नाहीस, असे विचारता ती हसून म्हणाली, 'सिस्टर रिटायर होईपर्यंत तरी नाही.'

सतरा दिवसांच्या अनुभवावर सिद्धांत उभारणे हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे. म्हणून, प्राध्यापकी धंद्यास साजेल अशा रीतीने, आम्ही पुस्तकांकडे वळलो. तेथे जे सापडले ते आमच्या त्या जिन्यातील व खाटेजवळील निरीक्षणाशी इतके जुळले की त्याचा सारांश वाचकांस सांगावासा वाटतो.

या विषयाच्या मुळाशी अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८५४ च्या नोव्हेंबरात ही बाई ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोचली. हाती दिवा घेऊन रात्री फिरणारी देवता, हे तिचे चित्र शाळेच्या पुस्तकांनी अमर केले आहे. पण तिचे बहुतेक दिवस स्वयंपाकघर, धोबीखाना, सामानाच्या याद्या आणि पत्रव्यवहार यांत गेले हे चित्रात दिसत नाही. परिचर्येवर तिने १८६० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात बारीकसारीक व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याचे मर्म असे की, आपण हजर असताना जे घडते ते आपण नसतानाही घडेल अशी तजवीज करणे, याचे नाव जबाबदारी. आपल्यावाचून सारे अडते यात जिला भूषण वाटते तिने खरे पाहता आपले काम पुरे केलेलेच नसते. आमच्या पहिल्या वॉर्डातील कर्तबगार बाईंना हे प्रकरण वाचावयास द्यावे असे आमच्या मनात आले.

नाइटिंगेलबाईंनी व्यवस्थेचे अंग सांगितले. मनाचे अंग शंभर वर्षांनी इसाबेल मेंझीस या बाईंनी उलगडून दाखविले. लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातील परिचर्याविभागाचा त्यांनी अभ्यास केला व त्यावरचा त्यांचा निबंध १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्या रुग्णालयात शिकावयास आलेल्या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या. याचे कारण काय? मेंझीसबाईंचे म्हणणे असे की, परिचारिकेचे काम म्हणजे दुःख, घाण, वेदना आणि मरण यांच्याशी रोजची गाठ. त्यातून मनात जी भीती उत्पन्न होते तिच्यापासून बचाव करण्यासाठी त्या संस्थेने नकळत एक तटबंदी उभारली होती. एकाच रोग्याची सर्व शुश्रूषा एकीने करावयाची नाही. एकीने सर्वांचे ताप मोजावयाचे, दुसरीने सर्वांची अंथरुणे घालावयाची. रोग्याचा उल्लेख नावाने न करता खाटेच्या आकड्याने अथवा दुखण्याने करावयाचा. प्रत्येक गोष्ट वरच्या बाईस विचारावयाची, तिने तिच्या वरचीस विचारावयाची, तपासणीवर तपासणी. मुलींच्या बदल्या तर या वॉर्डातून त्या वॉर्डात सारख्या चाललेल्या. यामुळे भीती कमी झाली काय? मुळीच नाही. उलट ज्यासाठी त्या मुली या धंद्यात आल्या होत्या ते समाधान, म्हणजे एखाद्या माणसाला आपल्या हाताने बरे होताना पाहण्याचे, तेच त्या तटबंदीबाहेर राहिले.

हा निबंध वाचताच आम्हांस 'डॉक्टरांना विचारा' या वाक्याचा अर्थ कळला. ती चार मुलींची चार उत्तरे नव्हती. ती एका भ्यालेल्या वॉर्डाची भाषा होती. आणि 'काय बोलायचं ते मला बोला' हे वाक्य या भाषेला उत्तर होते. भीती वॉर्डातून नाहीशी करणे कोणाच्याच हाती नाही, कारण मरण वॉर्डातून नाहीसे होत नाही. मात्र ती कोणी वाहावयाची हे ठरविता येते. वरच्या बाईने ती खाली ढकलली तर सर्वांत लहान खांद्यावर सर्वांत मोठे ओझे पडते. तिने ती स्वतः उचलली तर खालच्यांचे हात रोग्यासाठी मोकळे राहतात.

याच सुमारास मँचेस्टर येथील रेजिनल्ड रेव्हान्स या प्राध्यापकांनी त्या भागातील रुग्णालयांची पाहणी केली. हे गृहस्थ पूर्वी कोळशाच्या खाणींच्या शिक्षणखात्यात होते. त्यामुळे रुग्णालयाकडे पाहताना त्यांची दृष्टी वैद्याची नव्हती, माणसे एकत्र कशी राबतात हे पाहणाऱ्याची होती. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे तात्पर्य असे की, जेथे परिचारिका टिकून राहतात तेथे रोगीही लवकर बरे होऊन घरी जातात. आणि परिचारिका टिकतात की नाही याचा वॉर्डाची सिस्टर शिकाऊ मुलींशी कशी वागते याच्याशी निकट संबंध असतो. विचारलेल्या प्रश्नाला ती उत्तर देते काय? की प्रश्न विचारणे हाच तिच्या दृष्टीने अपराध? ज्या मुलीला वर प्रश्न विचारता येत नाही ती खाली रोग्याचेही प्रश्न ऐकून घेत नाही. आमच्यासारख्या शिक्षकाला तर हे वाचून आपल्या वर्गातील शांतता आठवावी आणि ती कोणत्या जातीची आहे याचा विचार पडावा.

याहून चमत्कारिक गोष्ट १९९६ साली पुढे आली. अमेरिकेत एमी एडमंडसन या विदुषीने दोन रुग्णालयांतील आठ विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तिची अपेक्षा अशी की जेथे मेळ चांगला आणि मुख्य परिचारिका चांगली, तेथे चुका कमी आढळतील. आकडे पाहिले तो उलटेच! चांगल्या विभागांत चुका अधिक नोंदलेल्या. पुढे शोध करता उलगडा झाला तो असा की, जेथे मुख्य परिचारिका चुकीतून शिकविणारी होती तेथे मुली चूक उघडपणे सांगत. जेथे ती दंड करणारी होती तेथे चूक वहीत येतच नसे. तेव्हा स्वच्छ वही पाहून हुरळून जाऊ नये हे उत्तम. ज्या वॉर्डात कोणाचीच चूक होत नाही असे कागद सांगतो, त्या वॉर्डात आपल्या घरचे माणूस ठेवताना आम्ही दोनदा विचार करू. परिचारिकेचे समाधान हा काही केवळ तिच्या सुखाचा खाजगी प्रश्न नव्हे; खाटेवर निजलेल्याच्या जिवाशी त्याची गाठ आहे, ती येथे दिसते.

अमेरिकेतच १९८३ साली परिचारिकांच्या विद्वत्सभेने एक सरळ प्रश्न विचारला होता. परिचारिकांचा तुटवडा देशभर असताना काही रुग्णालयांना त्या मिळतात आणि त्यांच्याकडे टिकतात, हे कसे? १६३ रुग्णालये तपासून त्यांतून ४१ निवडण्यात आली व लोहचुंबकाप्रमाणे माणसे ओढून धरणारी म्हणून त्यांना चुंबक-रुग्णालये हे नाव पडले. त्यांच्यात जे समान गुण आढळले त्यांत मुख्य परिचारिका डोळ्यांसमोर वावरणारी असणे, तिने हाताखालच्यांचे ऐकणे आणि रोग्याविषयीचे निर्णय जवळच्या परिचारिकेच्या विचाराने होणे, यांना मानाचे स्थान होते. पुढे १९९४ पासून हे गुण तपासून रुग्णालयांस तसे मानपत्र देण्याची पद्धतही सुरू झाली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'वाः! म्हणजे एक प्रेमळ बाई नेमली की झाले. पगार वाढवावयास नको, माणसे वाढवावयास नकोत!' हा आक्षेप आम्ही फार गंभीर मानतो, कारण असे म्हणणारे व्यवस्थापक खरोखरच असतात. त्यांस उत्तर देण्यास २००२ सालचा लिंडा एकेन व त्यांचे सहकारी यांचा अभ्यास पुरेसा आहे. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रोगी त्यांनी पाहिले. एका परिचारिकेमागे एक रोगी वाढला की, तीस दिवसांच्या आत रोगी दगावण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी, परिचारिका थकून करपून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी आणि तिला काम नकोसे वाटण्याचा संभव १५ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांस आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात साऱ्या जगात परिचारिका सुमारे २ कोटी ७९ लाख असून ५९ लाखांची उणीव असल्याचे म्हटले होते. एवढी उणीव कोणाही परिसेविकेच्या मायेने भरून निघावयाची नाही. चांगली थोरली मिळाली म्हणून चौघींचे काम दोघींवर लादणे, हा त्या थोरलीचाच गैरफायदा घेणे होय.

किंबहुना, या थोरलीवरच आज सर्वांत मोठा अन्याय होतो असे आम्हांस वाटते. तिला वॉर्डाची वडीलधारी म्हणून नेमतात आणि कारकून म्हणून राबवितात. चादरी किती आल्या, धुवायला किती गेल्या, ग्लुकोजच्या बाटल्या किती उरल्या, कोणते यंत्र नादुरुस्त, कोणाची रजा शिल्लक, या वह्यांत तिची सकाळ जाते. दुपारी सभा, संध्याकाळी अहवाल. रोग्याजवळ उभे राहून धाकटीला हात धरून शिकवावयाचे, ते राहूनच जाते. इंग्लंडात हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे १९६६ च्या सामन समितीच्या शिफारशींनंतर ज्येष्ठ परिचारिकांना व्यवस्थापनाच्या पायऱ्यांवर चढविण्यात आले, जुनी मेट्रन नावासकट गेली. आणि २००१ साली ती वेगळ्या रूपाने पुन्हा बोलवावी लागली. तेथीलच स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रोग्यांची जी भयंकर आबाळ झाली तिचा चौकशी-अहवाल रॉबर्ट फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिला. त्यातील २९० शिफारशींपैकी एक अगदी घरगुती शहाणपणाची आहे: वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेला कचेरीत अडकवून ठेवू नये, तिने वॉर्डात असावे, प्रत्येक रोग्याची व्यवस्था तिला ठाऊक असावी आणि हाताखालच्यांना ती दिसावी. एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी केवढी मोठी किंमत मोजावी लागली!

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी परिसेविकेची नेमणूक सेवाज्येष्ठतेने होते. जी पंधरावीस वर्षे टिकली ती वर चढली. ज्येष्ठतेचा आम्ही अनादर करीत नाही; अनुभवाला परिचर्येत पर्याय नाही. तथापि स्वतः उत्तम इंजेक्शन देता येणे आणि भेदरलेल्या मुलीकडून ते नीट देवविणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत. पहिले शिकविण्यास तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दुसरे मात्र बढतीच्या हुकमाबरोबर आपोआप अंगी येते असे गृहीत धरतात. प्राध्यापकाला विभागप्रमुख करताना, शिक्षकाला मुख्याध्यापक करताना आपण हेच करतो, आणि फळही तेच भोगतो.

मग हे कौशल्य शिकविता येते काय? आम्हांस वाटते, पुष्कळसे येते. रात्रपाळ्यांची यादी महिनाभर आधी लावावी आणि ती सर्वांदेखत लावावी. सणाची सुटी आळीपाळीने द्यावी, लाडकी-नावडती पाहून देऊ नये. दोष एकांतात सांगावा आणि शाबासकी चारचौघांत द्यावी. पाळी बदलताना दहा मिनिटे बसून रोगी ताब्यात द्यावेत-घ्यावेत. प्रश्न विचारणारीचे स्वागत करावे. आणि बाहेरचा कोणी, मग तो रोग्याचा नातलग असो की नामांकित शल्यविशारद, अंगावर आला तर आपण पुढे व्हावे. यांत असाध्य असे काय आहे? यादी निष्पक्ष असली की जिचे मूल घरी तापाने फणफणले आहे तिलाही रात्रपाळी अन्याय्य वाटत नाही. जड वाटते, पण अन्याय्य वाटत नाही. समाधान म्हणून जे म्हणतात ते बहुतांशी हेच होय. थकणे त्यात आहेच. पण 'आज माझा अपमान झाला नाही आणि माझ्या हातून कोणाची हेळसांड झाली नाही' असे मनाशी म्हणत जी मुलगी सकाळच्या गाडीत झोपी जाते ती समाधानी आहे.

शिकविता न येणारा भागही आहे, हे नाकारता येत नाही. भीती अंगावर घेणारीला ती उतरवून ठेवावयास जागा कोठे असते? दुसऱ्या वॉर्डातील त्या बाई आम्हांस एकदा पहाटे औषधांच्या कपाटापाशी एकट्याच बसलेल्या दिसल्या. रात्री एक रोगी गेला होता. त्यासाठी त्या मुद्दाम लवकर आल्या होत्या. मुलींना त्यांनी चहाला पाठविले होते आणि मृताच्या नातलगांचे कागद स्वतः पुरे केले होते. त्यांना त्या वेळी चहा कोणी दिला होता की नाही, कोणास ठाऊक! जी धाकट्यांचे ओझे वाहते तिच्या ओझ्यास हात लावणारे वर कोणी असावे लागते. अधिसेविकेने परिसेविकेला जसे वागवावे तसे परिसेविका मुलींना वागविते आणि मुली रोग्याला वागवितात. ही साखळी वरून खाली चालते. म्हणून वॉर्डातील वडीलकीचा प्रश्न वॉर्डातच सुटावयाचा नाही. ज्यांच्या हाती नेमणुका आणि पैसा आहे त्यांनी परिसेविकेच्या हातातील चादरींची वही काढून घेऊन ती कारकुनाकडे द्यावी, तिच्या वॉर्डात माणसे पुरेशी द्यावीत, आणि वर्षअखेरीस तिचे काम जोखताना निदान एक प्रश्न अवश्य विचारावा: 'बाई, तुमच्या हाताखालच्या किती मुली यंदा तुम्हांला सोडून गेल्या, आणि का?'